घरची मराठी बंद करून येऊ नका
(बोलायला उशीर झालेल्या लहान मुलांच्या पालकांसाठी)

मुलाच्या स्पीच थेरपीसाठी आमच्याकडे येणारे बरेच पालक पहिल्या पाच मिनिटांत हेच सांगतात. घरी मराठी, गल्लीत कन्नड, टीव्हीवर हिंदी आणि पुढे शाळा इंग्लिश. पोर गोंधळलंय, म्हणून महिनाभर घरात मराठी बंद केलीय. निम्मं काम करूनच आलोय, असा सांगण्याचा सूर असतो. खरं तर तिथंच आमचं काम वाढलेलं असतं.

दोन-तीन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल बोलायचं थांबत नाही. बेळगावच्या बाजारात भाव कन्नडमधून सांगितला जातो आणि घासाघीस मराठीतून होते. या भागातली पोरं पिढ्यान् पिढ्या अशीच बोलायला शिकली. ज्याला अडचण आहे, त्याला ती एकच भाषा ठेवली तरी असतेच.

आता मराठी सोडून इंग्लिश धरल्यावर घरात काय होतं ते बघा. आज्जीला इंग्लिश येत नाही, त्यामुळे ती गप्प होते. दिवसभर बाळाशी सगळ्यात जास्त बोलणारं माणूस तेच. आईचं बोलणं 'कम, सिट, ईट, नो' एवढ्यावर येतं. भाकरी थापतानाचं 'थप थप थप', गोठ्याजवळचं 'बघ, हम्मा आली', झोपवतानाची गाणी, सगळं बंद. ज्याला जास्त बोलणं ऐकायला हवं, त्याच्याच वाट्याचं आपण कापतो. मग आमचे पहिले काही आठवडे आज्जीला पुन्हा बोलतं करण्यात जातात, आणि त्याची फी तुम्हीच भरता.

शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मोजा. शेजारच्या अक्कांकडे 'नीरू' (कन्नडमध्ये पाणी), घरात 'दूदू', रस्त्यावर 'कार', हे तीन शब्द झाले. 'भू भू' हाही शब्दच. दोन वर्षांच्या सुमारास पन्नासेक शब्द आणि 'आई ये' अशी दोन शब्दांची जोडी अपेक्षित असते. तसं नसेल तर 'याचे बाबाही उशिरा बोलले' म्हणत थांबू नका. नावानं हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल किंवा आलेले शब्द गेले असतील, तर दोन वर्षं पुरी व्हायचीही वाट बघू नका.

कानाची तपासणी आधी. दार आपटलेलं ऐकू येणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक आवाज सुटत असू शकतात. लहान मुलांची बेरा तपासणी, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे मशीनवर बघणं, झोपेत करतात. मूल येताना गाडीतच झोप काढून आलं, की मशीन लावायच्या वेळी टक्क जागं! तो दिवस फुकट जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते, अंगणवाडीत विचारा. तिथला रिपोर्ट आम्हाला चालतो, आमच्याकडेच करा असा आग्रह नाही.

मूल बोलावं म्हणून जिभेला मधातून वेखंड लावून झालेलं असतं, ते आम्हाला ठाऊक आहे. रागावणार नाही, फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका.

'तुम्ही नुसतं खेळवता' अशी तक्रारही येते. खरंय, खेळवतोच, आणि आईला बाहेर न पाठवता शेजारी बसवून खेळवतो. आठवड्यातून आमच्याकडे 40 मिनिटं. घरी मूल जागं असतं ते 80 तासांच्या आसपास. आम्ही मुलाला शिकवतो त्याहून जास्त तुम्हाला शिकवतो. 'म्हण पाणी, म्हण बघू' अशी परीक्षा घेतली की मूल तोंड फिरवतं. त्यापेक्षा तांब्या हातात धरून 'पाणी हवं? की दूध?' विचारा आणि मनात पाच आकडे मोजा. बोट दाखवलं तरी ते उत्तर धरा, शब्द आपण म्हणा आणि लगेच द्या. ते 'पाणी' म्हणालं, तर तुम्ही 'गार पाणी' म्हणा. ही पाच आकड्यांची वाट बघणंच सगळ्यात अवघड जातं, विशेषतः बाबांना.

किती महिन्यांत बोलेल, याची हमी आम्ही देत नाही. पहिली भेट तासाभराची असते. खानापूर, निपाणीकडून येणाऱ्यांना दर आठवड्याला यायला लावत नाही. एक आड एक आठवडा व्हिडिओ कॉल चालतो.

येताना कानाचा रिपोर्ट, घरात खेळतानाचा दोन मिनिटांचा मोबाईल व्हिडिओ, मुलाचं आवडतं खेळणं आणि आज्जी, एवढं घेऊन या.