रक्तात ‘वाय’ सापडला नाही, म्हणजे काय?

सुनेच्या चालीवरून, डोहाळ्यांवरून पोटात पोरगा आहे की पोरगी हे छातीठोक सांगणाऱ्या आज्या खान्देशात गावोगाव भेटतात. त्यांचं निम्म्या वेळा बरोबर येतं आणि तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं. हल्ली मात्र विचारणा होते ती आईच्या रक्तावरून गर्भ मुलाचा की मुलीचा हे ओळखणाऱ्या तपासणीची: ती खरंच इतकी पक्की असते का?

गर्भाला पोसणारी वार गर्भापासूनच बनते; तिच्यातल्या पेशी सतत मरत असतात आणि त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे आईच्या रक्तात येतात. संशोधक डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये हे दाखवून दिलं. दहाव्या आठवड्याच्या सुमारास आईच्या रक्तद्रवातल्या मोकळ्या डीएनएपैकी साधारण दहा टक्के हा वारेकडून आलेला असतो. बाळंतपणानंतर तो झपाट्याने नाहीसा होतो, त्यामुळे आधीच्या मुलाचा डीएनए या गरोदरपणात घोळ घालत नाही.

आईकडे पुरुषांत असणारं वाय गुणसूत्र नसतं. म्हणून रक्तात वाय दिसला, तर मुलगा. आणि नाही दिसला तर? साध्या चाचणीत ‘मुलगी’ हे उत्तर काही सापडल्यामुळे येत नाही, न सापडल्यामुळे येतं. गर्भ मुलाचाच असेल, पण तपासणी फार लवकर झाली किंवा आईचं वजन जास्त असल्याने वारेचा डीएनए विरळ पडला, तरी कागदावर मुलगीच उमटते.

2011 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात 57 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात शंभर मुलगे असतील तर सुमारे 95 ओळखले गेले. शंभर मुलींपैकी एक-दोघीच चुकून मुलगा ठरल्या. हिशेब मांडला तर ‘मुलगी’ हे उत्तर ‘मुलगा’ या उत्तरापेक्षा तिपटीने अधिक वेळा चुकतं. सातव्या आठवड्याआधी तर चाचणीवर विसंबण्यात अर्थच नाही. नंतरच्या, सगळी गुणसूत्रं मोजणाऱ्या पद्धती बऱ्याच अचूक आहेत. तरी जुळ्यांपैकी एक गर्भ सुरुवातीलाच विरून गेला असेल, किंवा आईला पूर्वी पुरुषाचं मूत्रपिंड बसवलेलं असेल, तर मुलीच्या गर्भातही वाय दिसू शकतो.

(हा वाय येतो बापाकडूनच. बोल मात्र सुनेला लागतो.)

2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलांमागे जळगाव जिल्ह्यात 842 मुली होत्या, खान्देशातल्याच नंदुरबारमध्ये 944. जिथे ‘मुलगी’ या उत्तरावर इतकं काही ठरतं, तिथे नेमकं तेच उत्तर जास्त कच्चं आहे.

1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात सोनोग्राफीइतकीच गरोदर स्त्रीच्या रक्ताची तपासणीही येते. गर्भाचं लिंग सांगणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे आपल्याकडे ही तपासणी डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांतल्या दोषांच्या शंकेसाठी होते आणि अहवालात लिंगाचा उल्लेख नसतो.