मोगऱ्याचा शेंडा कापला की आत काय घडतं?

महाशिवरात्र जवळ आली की बागकामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. मोगऱ्याची छाटणी अमावास्येलाच करा, पौर्णिमेला केलीत तर चंद्र झाडातला रस वर ओढतो आणि तो जखमेतून वाहून जातो. त्यापाठोपाठ ‘झाड कळ्यांनी लगडून जाईल’ असं सांगणाऱ्या टॉनिकांच्या जाहिराती येतात. छाटणी करा, एवढा सल्ला बरोबरच आहे. पण छाटणीनं फुलं का वाढतात याचं खरं उत्तर चंद्रापेक्षा आणि बाटलीपेक्षा फार सुंदर आहे.

आधी चंद्राचं आटपून घेऊ. भरती येते ती पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूला ओढ जास्त आणि पलीकडच्या बाजूला कमी असते म्हणून. हा फरक जाणवायला पृथ्वीएवढा पसारा लागतो. मीटरभर उंच झाडाच्या बुंध्यात आणि शेंड्यात तो पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या ५० लाख कोटींव्या भागाहूनही कमी भरतो. शिवाय अमावास्येलाही समुद्राला पौर्णिमेसारखंच उधाण येतं, हे कोकणात कुणीही सांगेल. तेव्हा सवड असेल त्या दिवशी कात्री हातात घ्या.

मोगऱ्याच्या कळ्या येतात त्या नव्या फुटीच्या टोकाला. जितके धुमारे जास्त, तितक्या कळ्या जास्त. म्हणून आपल्याकडे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत काही दिवस पाणी तोडून झाडाला ताण देतात, साधारण एक तृतीयांश उंची छाटतात, जुनी पानं काढतात, माती मोकळी करून शेणखत घालतात आणि मग पाणी सुरू करतात. छाटण्यापूर्वी एक फांदी डोळ्यांजवळ धरून पाहा. मोगऱ्याची पानं समोरासमोर, जोडीनं असतात. प्रत्येक देठाच्या बगलेत मोहरीहूनही बारीक हिरवा ठिपका दिसेल. तो डोळा. त्या ठिपक्यात चिमुकली पानं आणि वाढीचं टोक धरून अख्खी फांदी तयार असते. सगळं तयार असून ती महिनोन्‌महिने गप्प बसते. शेंडा उडवला की काही दिवसांतच त्याखालचे डोळे फुगू लागतात.

त्यांना एवढे दिवस गप्प कोण ठेवतं? शेंड्याकडची कोवळी पानं ऑक्सिन नावाचं संप्रेरक बनवतात आणि ते खोडातून खाली वाहत राहतं. १९३३ साली केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी शेंगवर्गातल्या ब्रॉड बीनच्या रोपांचे शेंडे कापले आणि कापलेल्या जागी ऑक्सिन भरलेले आगरचे, म्हणजे समुद्रशैवालापासून बनणाऱ्या जेलीचे, छोटे ठोकळे ठेवले. शेंडा नसूनही खालचे डोळे फुटले नाहीत. शेंड्याचा धाक रसायनाचा आहे, हे त्यातून दिसलं.

इथवर शाळेच्या पुस्तकात असतं. पण खरी गंमत पुढे आहे, कारण शेंड्याकडून खाली येणारं ऑक्सिन डोळ्यात शिरतच नाही! ते त्याच्या शेजारून निघून जातं. मग ते डोळ्याला अडवतं कसं? एक स्पष्टीकरण असं: वाढायला लागायचं तर डोळ्यालाही स्वतःचं ऑक्सिन बाहेर सोडावं लागतं, आणि ते खोडातल्या प्रवाहाला मिळावं लागतं. ओढ्याला पूर असला की शेतातलं पाणी त्यात उतरत नाही, बांधाशी तुंबून राहतं. तसंच इथे होतं. शेंडा उडाला की खोडातला पूर ओसरतो, डोळ्याचं ऑक्सिन वाहू लागतं आणि त्या वाहण्यानंच डोळ्याला खोडाशी जोडणाऱ्या वाहिन्या तयार होतात.

यातही एक अडचण होती. ऑक्सिन तासाला जेमतेम एक सेंटीमीटर सरकतं. मग वीतभर खालच्या डोळ्याला शेंडा गेल्याची वर्दी इतक्या लवकर कशी पोचते? २०१४ साली ऑस्ट्रेलियात क्रिस्टीन बेव्हरिज यांच्या गटानं वाटाण्यावर काम करून उत्तर दिलं: साखर. वाढता शेंडा झाडाची बरीच साखर स्वतःकडे ओढून घेतो. तो गेला की ती साखर झपाट्यानं खालच्या डोळ्यांकडे वळते आणि ऑक्सिन ओसरायच्या आधीच डोळे हलू लागतात. म्हणजे पहिला धक्का साखरेचा, पुढची वाढ टिकवायची की नाही हे ठरवण्यात संप्रेरकांचा वाटा.

तिसरं पात्र मला सगळ्यांत आवडतं. ज्वारी पिकवणाऱ्याला टारफुला ठाऊक असतो, यजमानाच्या मुळांना चिकटून त्याचं अन्न शोषणारं तण. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि यजमानाच्या मुळातून एक विशिष्ट रसायन पाझरलं की मगच उगवतं. असं एक रसायन १९६६ साली कापसाच्या मुळांच्या पाझरातून सापडलं. पण झाडं आपल्या शत्रूला उठवणारी वस्तू का बनवतील? २००५ मध्ये कळलं की याच कुळातली रसायनं मुळांना फॉस्फरस पुरवणाऱ्या मित्रबुरशीला साद घालतात. टारफुल्यानं ती साद चोरून ऐकायला शिकून घेतलं. आणि २००८ मध्ये दोन गटांनी दाखवलं की हीच रसायनं, म्हणजे स्ट्रिगोलॅक्टोनं, खोडात डोळ्यांना फुटू देत नाहीत. मातीत फॉस्फरस कमी पडला की झाड ती जास्त बनवतं. एकाच रसायनानं खाली बुरशीला बोलावणं जातं आणि वर फांद्यांचा खर्च आवरला जातो.

मुळांनी गच्च भरलेल्या, वर्षानुवर्षं माती न बदललेल्या कुंडीतला मोगरा छाटूनही एक-दोनच काटकुळे धुमारे काढतो, त्यामागे ही उपासमार असते. अशा झाडाला टॉनिक नको, नवी माती आणि कुजलेलं खत हवं.

द्राक्षबागायतदार हेच ज्ञान जास्त काटेकोरपणे वापरतात. नाशिक-सांगलीकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. नवी फूट ठरावीक पानांवर आली की शेंडा मारून तिला बगलफूट काढायला लावतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर जे घड दिसतात, त्यांची सुरुवात उन्हाळ्यातल्या या काडीवरच्या डोळ्यांत झालेली असते.

मोगऱ्याच्या जोडीनं गुलाबावर मात्र कात्री चालवू नका. त्याची मोठी छाटणी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात. आता फक्त वाळलेली फुलं काढा, कारण भर उन्हात उघड्या पडलेल्या फांद्या भाजतात. मोगऱ्याचा पहिला बहर ओसरला की फुलं येऊन गेलेल्या टोकाखालच्या पानांच्या दोन जोड्या धरून तेवढा तुकडा उडवा आणि पाणी चालू ठेवा. त्याखालचे डोळे दुसऱ्या बहरासाठी फुटतील.