सिल्व्हर क्ले आणि पॉलिमर क्ले: भट्टीत काय जाते, काय उरते

हाताने दागिने घडवायला शिकू पाहणाऱ्याने ऑनलाइन दुकानात ‘सिल्व्हर क्ले’ असे शोधले की दोन अगदी वेगळ्या वस्तू शेजारीशेजारी समोर येतात. एक असते चांदीच्या रंगाची, चकाकणारी पॉलिमर क्लेची वडी, जिच्यात चांदीचा कणही नसतो. दुसरा असतो हवाबंद पाकिटातला करड्या-पांढऱ्या रंगाचा छोटासा गोळा, जो नीट भाजल्यावर ९९९ शुद्धतेची चांदी होऊन हातात येतो. पहिलीची किंमत वडीवर ठरते आणि दुसऱ्याची ग्रॅमवर, तीही चांदीच्या चालू भावापेक्षा बरीच चढी. त्यामुळे किमतीकडे नीट पाहिले तर निदान खरेदीत तरी फसगत होत नाही. पुढचा गोंधळ मात्र कामाला बसल्यावर सुरू होतो, कारण दोन्ही पदार्थ हाताला मऊ लागतात, दोन्ही लाटता येतात, दोन्हींवर ठसा उठतो आणि दोन्ही शेवटी भाजावे लागतात. या भाजण्यातच त्यांचा सगळा फरक आहे. सिल्व्हर क्लेमधले जे मऊ होते ते भट्टीत जळून जाते आणि धातू तेवढा उरतो. पॉलिमर क्लेमधून काहीच जात नाही, अख्खा गोळा आहे तसाच कडक होतो. आकार, वजन, टिकाऊपणा, दुरुस्ती आणि विकताना येणारी किंमत हे सारे या एका गोष्टीवरून ठरते.

सिल्व्हर क्लेमध्ये चांदीची अतिशय बारीक पूड, पाणी आणि ती पूड एकत्र धरून ठेवणारा सेंद्रिय बांधक असतो. जपानमधल्या मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीत मासाकी मोरिकावा यांनी १९९०च्या सुमारास हे तंत्र विकसित केले आणि ते ‘प्रेशस मेटल क्ले’, म्हणजे पीएमसी, या नावाने बाजारात आले. आयदा केमिकल इंडस्ट्रीज या दुसऱ्या जपानी कंपनीची ‘आर्ट क्ले सिल्व्हर’ही प्रसिद्ध आहे. भट्टीत आधी बांधक धूर होऊन जातो आणि मग चांदीचे कण न वितळताच, जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथे सांधत जातात. चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. सोनाराच्या मुशीत ती आटवायची असते, इथे ती आटू द्यायचीच नसते, म्हणून भाजणी त्या आकड्याच्या खाली ठेवतात. आर्ट क्ले ६५० अंशांना अर्ध्या तासात भाजून निघते, पीएमसीचा मूळ प्रकार ९०० अंशांना दोन तास ठेवावा लागतो. पाकिटावर कमीत कमी तापमान लिहिलेले असते म्हणून नवशिके तेवढ्यावरच थांबतात; वास्तविक वरच्या तापमानाला अधिक वेळ मिळाला की कण जास्त घट्ट सांधतात, आणि अंगठीसारख्या रोज ठोके खाणाऱ्या दागिन्याला ती बळकटी हवीच असते.

पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसीची पूड, तिला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर, थोडा भरणा आणि रंग. तिचा उगम जर्मनीतला. बाहुल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या केटे क्रूझे यांच्या कन्या सोफी, ज्यांना घरात फीफी म्हणत, त्यांनी हा पदार्थ घडवला. १९६४ मध्ये तो एबरहार्ड फाबर या कंपनीने घेतला आणि ‘फिमो’ या नावात फीफींची आठवण राहिली. यात पाणी नसल्यामुळे ही क्ले हवेवर वाळत नाही. नीट गुंडाळून ठेवलेली वडी पुष्कळ काळ कामाची राहते, अर्धवट सोडलेले काम दुसऱ्या दिवशी तसेच पुढे नेता येते. सिल्व्हर क्लेला ही सवड नसते. ती पंख्याखाली बघता बघता सुकते, कडांना चिरा पडतात आणि ओला ब्रश सतत फिरवावा लागतो. ही तिची खोड खरी. पण पुरती सुकलेली क्ले कानशीने घासता येते, सुईने कोरता येते आणि पडलेला भुगा गोळा करून पाण्यात कालवला की सांधे भरायला पेस्ट तयार होते. चांदीचा भुगा कोणी झाडूने लोटत नाही, तेच शहाणपण इथेही चालते.

आता अदलाबदल झाली तर काय होते ते पाहू. घरच्या ओटीजीत १३० अंशांना ठेवलेली सिल्व्हर क्ले फक्त वाळते. बाहेरून ती टणक दिसते, पण बोटाच्या दाबाने मोडते आणि पाण्यात टाकली तर पुन्हा मऊ होऊ लागते. उलट चूक अधिक वाईट. पॉलिमर क्ले चांदीच्या भट्टीत गेली तर ती जळतेच, शिवाय पीव्हीसीमधला क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन बाहेर पडतो, जो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. पॉलिमर क्लेचे योग्य तापमान फिमोसाठी ११० अंश, स्कल्पी या ब्रँडच्या प्रीमो क्लेसाठी साधारण १३० अंश आणि वेळ सहा मिलिमीटर जाडीला अर्धा तास, असे मोजूनमापून पाळावे लागते. ओटीजीच्या खटक्यावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत वीस-वीस अंशांचा फरक सहज असू शकतो, म्हणून आत ठेवायचा वेगळा तापमापक घेणे हा या छंदातला सर्वांत सत्कारणी लागणारा खर्च आहे, असे माझे मत आहे. कानातली चार दिवसांत मोडली की दोष बहुधा क्लेचा नसतो, कमी भाजणीचा असतो. पॉलिमर क्लेला लागलेली लाटणी आणि साचे स्वयंपाकघरात परत नेऊ नयेत, हेही इथेच सांगितलेले बरे.

बांधक जळून गेला की कणांमधली रिकामी जागा मिटते आणि दागिना आक्रसतो. हा आक्रस प्रकारानुसार बदलतो: आर्ट क्लेमध्ये साधारण ८ ते १० टक्के, पीएमसीच्या नंतरच्या प्रकारांत १० ते १५ टक्के, तर पीएमसीच्या मूळ प्रकारात २८ टक्क्यांच्या आसपास. हे आकडे लांबीचे आहेत, हे लक्षात न घेतल्यामुळे पुष्कळ जण चकतात. दहा टक्के आक्रस म्हणजे लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही नव्वद टक्क्यांवर येतात, म्हणजेच आकारमान जवळजवळ सत्तावीस टक्क्यांनी घटते. भट्टीतून निघालेले पदक अपेक्षेपेक्षा कितीतरी चिमुकले दिसते ते यामुळे. आतला घेर ५४ मिलिमीटर हवा असलेली अंगठी या हिशेबाने ६० मिलिमीटर घेराची करावी लागते. तरीही ती सर्व बाजूंनी सारखी आक्रसेल याची खात्री नसते, म्हणून हव्या मापाची भट्टीत टिकणारी गोळी अंगठीच्या पोटात ठेवून भाजतात, म्हणजे घेर त्या मापावर येऊन थांबतो. या आक्रसाचा फायदाही आहे: नक्षी लहान होताना अधिक रेखीव होते. पॉलिमर क्लेमध्ये हा प्रश्न जवळजवळ नाहीच. जे माप कापले तेच भाजून निघते, त्यामुळे कानातल्यांचा जोड जुळवणे फार सोपे जाते.

भट्टीतून निघालेली सिल्व्हर क्ले पहिल्यांदा पाहणाऱ्याची निराशा होते. ती पांढरी, खरखरीत आणि अजिबात न चमकणारी असते. पृष्ठभागावरच्या सूक्ष्म उंचसखलपणामुळे उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून चांदी असूनही ती चांदी वाटत नाही. साबणाच्या पाण्यात बुडवून बारीक तारांच्या ब्रशने घासायला लागले की उंचवटे दबतात आणि ब्रश जिथून फिरला तिथे पट्ट्यापट्ट्याने धातूची झळाळी उघडी पडते. पुढे गुळगुळीत पोलादी सळईने दाब देऊन कडा उजळायच्या आणि हवे तर गंधकाच्या द्रावणात बुडवून नक्षीच्या खोलगट भागात काळेपणा आणायचा. बाजारात ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून जो काळपट रंग विकला जातो, तो खऱ्या चांदीवर असेल तेव्हा ऑक्साइड नसून चांदीचा सल्फाइड असतो. जर्मन सिल्व्हरचे म्हणून मिळणारे दागिने या हिशेबात धरूच नयेत. त्या मिश्रधातूत तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी मुळीच नसते.

रंगाच्या बाबतीत मात्र पॉलिमर क्लेला तोड नाही. तिची खरी करामत ‘केन’ नावाच्या पद्धतीत दिसते. वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या आणि कांड्या अशा रचून एक जाड नळकांडे करतात, की त्याच्या आडव्या छेदात फूल, पान किंवा मोराचा डोळा दिसावा. मग ते नळकांडे चहूबाजूंनी दाबत दाबत लांब आणि बारीक केले की चित्रही तितकेच लहान होते, पण मोडत नाही. अळूवडीचा उंडा कापावा तशा त्याच्या चकत्या कापल्या की प्रत्येक चकतीवर तीच नक्षी येते. कल्पना जुनी आहे, इटलीतल्या मुरानोच्या काचकामात ती शतकानुशतके वापरात होती; पण तिथे भट्टीपुढे उभे राहावे लागे, इथे जेवणाच्या टेबलावर काम होते. नवरात्रात नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या नेसणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायकांना त्या त्या रंगाची हलकी कानातली स्वस्तात पुरवणाऱ्यांना हा पदार्थ का आवडतो, ते यावरून कळते. सिल्व्हर क्लेमध्ये स्वतःचा रंग एकच. रंग हवा तर भाजलेल्या चांदीवर मीना चढवावा, नाहीतर कृत्रिम खडा आत बसवून भाजावा. क्युबिक झिरकोनिया ही आच सोसतो. मोती आणि ओपल सोसत नाहीत.

अंगावर घालताना पहिला फरक वजनाचा. चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड असते. भाजलेली सिल्व्हर क्ले किंचित सच्छिद्र राहत असल्याने थोडी हलकी भरते, पण पॉलिमर क्लेच्या तुलनेत ती जडच. कानाची पाळी ओघळण्याची भीती असलेल्यांनी मोठी झुंबरे पॉलिमर क्लेचीच घ्यावीत. शुद्ध चांदी मऊ असते आणि भाजलेली सिल्व्हर क्ले तितक्याच जाडीच्या घडीव पत्र्याइतकी मजबूत नसते. म्हणून पातळ कडे किंवा बारीक जोडवी हवी असतील, तर मी सरळ सोनाराकडे जाऊन तार आणि पत्रा वापरून घडवलेली घेईन. दुसरीकडे ९२५ चांदीत साडेसात टक्के इतर धातू, बहुधा तांबे, असतो, त्यामुळे ती शुद्ध चांदीपेक्षा लवकर काळवंडते. सिल्व्हर क्लेचा दागिना काळवंडला तरी रिठ्याच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने पुष्कळसा उजळतो. पॉलिमर क्लेला काळवंडणे ठाऊक नाही, पण नेलपॉलिश रिमूव्हरमधले ॲसिटोन आणि डासांसाठी अंगाला लावायची काही मलमे तिचा पृष्ठभाग चिकट करतात. अत्तर आधी, कानातली नंतर, हा क्रम दोन्हींना मानवतो.

कानात जाणारी दांडी हा दोन्हींचा नाजूक भाग. पॉलिमर क्लेच्या गुळगुळीत पाठीवर नुसत्या गोंदाने चिकटवलेली दांडीची चकती आज ना उद्या सुटते. तिच्यावर क्लेचा पातळ थर चढवून पुन्हा भाजले तर ती आत अडकून राहते. कान चिडतो तो बहुधा क्लेमुळे नव्हे, तर निकेल असलेल्या स्वस्त दांडीमुळे. सिल्व्हर क्लेमध्ये ९२५ची तार आधीच खोचून वरच्या आचेला भाजली तर ती ठिसूळ होण्याचा धोका असतो आणि शुद्ध चांदीची तार फार मऊ पडते. म्हणून पुष्कळ कारागीर दांडी भाजणीनंतर डाख देऊन जोडतात.

पैशाचा हिशेब थोडक्यात असा. पॉलिमर क्लेच्या दागिन्याची किंमत म्हणजे सगळी घडणावळ. त्याला मोड नाही. सिल्व्हर क्लेचा दागिना सराफाकडे मोडीत घातला, तर त्यातल्या चांदीचे पैसे येतात, पण क्लेसाठी मोजलेले जादा पैसे आणि घडणावळ परत येत नाहीत. तेव्हा ‘चांदीतली गुंतवणूक’ म्हणून तो कोणी विकत असेल, तर ते ऐकून सोडून द्यावे.

दोन्ही पदार्थ एकाच दागिन्यात आणता येतात आणि माझ्या मते दोन्हींचे गुण तिथेच सर्वांत चांगले खुलतात. क्रम मात्र ठरलेला असतो. आधी चांदीचे कोंदण आक्रसासह भाजून, घासून, काळे-पांढरे करून पुरते तयार करायचे; मग त्यात पॉलिमर क्लेची चकती दाबून बसवायची आणि १३० अंशांच्या आत-बाहेर दुसरी भाजणी द्यायची. एवढ्या आचेने चांदीच्या आकाराला काही होत नाही. कोंदणाच्या कडा आतून किंचित कोरलेल्या असाव्यात, म्हणजे चकती नुसत्या चिकटण्यावर अवलंबून राहत नाही. चकतीचा टवका उडाला तर तेवढ्यात ताजी क्ले भरून पुन्हा भाजता येते, पॉलिमर क्ले कितीही वेळा भाजली तरी चालते. पण चांदीची कडी तुटली आणि डाख द्यायची वेळ आली, तर ज्योत लावण्याआधी सगळी पॉलिमर क्ले कोरून काढावी लागते आणि नंतर नव्याने बसवावी लागते. म्हणून असे दागिने विकणारे कारागीर त्याच केनच्या दोन-तीन कच्च्या चकत्या गिऱ्हाइकाच्या नावाने बाजूला ठेवतात; तोच रंग आणि तीच नक्षी पुन्हा तंतोतंत जुळवणे त्यांनाही जमतेच असे नाही.