मार्गोचा गाल आणि दप्तरातले खडू

‘आमच्या मुलीकडेही पेस्टलच आहेत, मग गालावरची ती मऊ लाली का जमत नाही?’ अमेरिकन चित्रकार मेरी कॅसॅटची लहान मुलांची चित्रं पाहिली की पालकांच्या मनात हा प्रश्न येतोच. पण कॅसॅटच्या हातातला खडू आणि दप्तरातला खडू यांच्यात नावापलीकडे फारसं काही सारखं नाही.

तिचं १९०२ सालचं निळ्या कपड्यांतल्या मार्गोचं चित्र घ्या. ते आज बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहे. पॅरिसच्या उत्तरेला कॅसॅटचं घर होतं, तिथल्याच गावातली ही पोर. हे चित्र सॉफ्ट पेस्टलमध्ये, म्हणजे कोरड्या खडूंनी काढलेलं आहे. रंगाची पूड, थोडी खडूची भुकटी आणि कांडी जेमतेम धरून राहील एवढाच डिंक, एवढंच त्या खडूत असतं. तेल नसतंच. कागदाच्या खरखरीत अंगात रंगाचे सुटे कण अडकून बसतात, त्यांच्यावरून उजेड चहूकडे विखुरतो आणि गाल मखमली दिसतो. बोट फिरवलं की गुलाबी धुरासारखा पसरून त्वचेच्या रंगात विरघळतो.

लहान मूल समोर बसवून चित्र काढायचं, तर याच्यासारखं साधन नाही. पॅलेटवर रंग कालवायचा नाही, वाळायची वाट बघायची नाही. पोर कंटाळून उठलं की थांबायचं, परत बसलं की तिथूनच पुढे. कॅसॅटच्या चित्रांतली मुलं पोज दिल्यासारखी वाटत नाहीत, त्यात या खडूचा मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. (साडीच्या दुकानात फिक्या रंगाला ‘पेस्टल शेड’ म्हणतात, पण खरे पेस्टल चांगले गडदही असतात.)

दप्तरातले असतात ते ऑइल पेस्टल, म्हणजेच तैलखडू. रंगाची पूड इथे मेणात आणि न वाळणाऱ्या तेलात मळलेली असते. जपानच्या साकुरा कंपनीने ते १९२५ मध्ये बाजारात आणले, आणि तेही शाळकरी मुलांसाठी. कॅसॅट १९२६ मध्ये वारली. अधू दृष्टीमुळे तिचं काम त्याआधी दहाएक वर्षं बंदच पडलं होतं, म्हणजे तिच्या चित्रांत हे खडू नाहीतच. तैलखडूचा रंग चमकदार, ठसठशीत बसतो आणि पूड उडत नाही. पण मेणाने कागदाचं अंग भरलं की वरचा थर घसरायला लागतो. गालाची हळुवार छटा इथेच हातची जाते. उलट गडद थर नखाने किंवा टोकदार काडीने खरवडून खालचा रंग काढायची गंमत याच खडूत आहे. सॉफ्ट पेस्टलमध्ये ती नाही.

ओळखायचं कसं? रंग बोटावर चोळा. पिठासारखी पूड लागली तर सॉफ्ट पेस्टल, बोट चिकट झालं तर तैलखडू.

मुलीला मार्गोसारखा गाल काढायचा असेल, तर ‘सॉफ्ट’ लिहिलेलं खोकं आणि खरखरीत रंगीत कागद आणून द्या. सांडलेली पूड फुंकू देऊ नका, नाकात जाते. कागद तिरपा धरून मागून टिचकी मारायला सांगा. चित्र फ्रेम केलंत तर काच रंगाला टेकणार नाही एवढी फट ठेवून घ्या. रंग पक्का करणारा फवारा मिळतो, पण तो जपून वापरा. जास्त झाला तर कण ओले होतात आणि मखमल काळवंडते.