वाहनातील एसी कंप्रेसर : दोषनिदान व दुरुस्ती

मोटारीच्या एसीतला गॅस दाबून कंडेन्सरकडे (गरम गॅस थंड करणाऱ्या जाळीकडे) ढकलणारा पंप म्हणजे कंप्रेसर. तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि बऱ्याच गाड्यांत मॅग्नेटिक क्लचने (पुलीला कंप्रेसरशी जोडणाऱ्या चुंबकीय जोडणीने) चालू-बंद होतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे गेला, की नांदेडपासून बीडपर्यंत गॅरेजांत ‘कुलिंग होत नाही, गॅस भरून द्या’ ही मागणी सुरू होते. गळती न शोधता भरलेला हा गॅसच अनेक कंप्रेसरांच्या मुळावर येतो. कंप्रेसरचे तेल गॅससोबतच फिरते. गळतीतून तेही जाते. नुसता गॅस भरल्यास आतले भाग कोरडे घासून कंप्रेसर जाम होतो. सांध्यांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला, तर गळती बहुधा तिथेच असते.

एसी लावल्यावर क्लच ‘टक्’ करून बसत नसेल, तर आधी फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) तपासावेत. गॅस फार कमी असला तरी प्रेशर स्विच क्लचचा करंट तोडतो. त्यात कंप्रेसरचा दोष नसतो. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर पुलीच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. क्लच बसल्यावरच खडखड होत असेल तर बिघाड बहुधा आत असतो.

खरा निवाडा दाब मोजणारे गेज लावल्यावर होतो. लो साइड (कंप्रेसरमध्ये येणाऱ्या गॅसचा दाब) चढलेली आणि हाय साइड (बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब) उतरलेली, म्हणजे कंप्रेसर दाब धरत नाही. दोन्ही चढलेल्या असतील तर आधी कंडेन्सर आणि फॅन पाहावा, नंतर गॅस जास्त झाला आहे का ते. इथल्या मातीच्या रस्त्यांची धूळ आणि कापसाचे तंतू कंडेन्सरच्या पत्र्यांत घट्ट बसतात. ते हलक्या धारेने धुवावेत. जोराच्या फवाऱ्याने पत्रे वाकतात.

जाम झालेला कंप्रेसर बदलताना लाइनमधला धातूचा कीस फ्लश करून काढावा लागतो, रिसीव्हर ड्रायरही (गॅसमधली ओल शोषणारी बाटली) नवा टाकावा लागतो. हा खर्च वाचवला तर तोच कीस नवा कंप्रेसर खातो. मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम मारून (लाइनमधली हवा आणि ओल पंपाने ओढून) पंप बंद करावा. गेजचा काटा स्थिर राहिला तरच बॉनेटखालच्या स्टिकरवरील वजनाइतका गॅस भरावा. जुना गॅस हवेत सोडू नये, यंत्राने काढून घ्यावा : अनेक गाड्यांच्या एसीत असणाऱ्या आर-१३४ए गॅसची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे.

इलेक्ट्रिक गाड्यांचा कंप्रेसर उच्च व्होल्टेजच्या विजेवर चालतो. त्यात कंपनीने सांगितलेले विद्युतरोधक तेलच घालावे आणि ही वीज नेणाऱ्या नारिंगी केबलला प्रशिक्षित मेकॅनिकशिवाय कुणी हात लावू नये.