वार्षिक पास (मनोरंजन उद्याने)

मनोरंजन उद्यानात वर्षभर कितीही वेळा प्रवेश देणारा, एका व्यक्तीच्या नावावर काढलेला परवाना म्हणजे वार्षिक पास. तो दोन प्रकारे घेता येतो. एक, थेट पास काढणे. दुसरा, आधी एका दिवसाचे तिकीट काढून उद्यान पाहणे आणि मग वरची रक्कम भरून तेच तिकीट पासमध्ये बदलून घेणे. या दुसऱ्या प्रकाराला सर्रास ‘अपग्रेड’ म्हणतात. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला दुसरा प्रकारच शहाणपणाचा, कारण मुलांना ते ठिकाण आवडते की नाही हे दिवस घालवल्यावरच कळते.

मुंबईत ‘पास’ म्हटले की आधी लोकल आठवते, आणि हिशेब समजायला ती तुलना उपयोगी पडते. रेल्वेचा तिमाही पास मासिक पासाच्या 2.7 पट, सहामाही 5.4 पट आणि वार्षिक 10.8 पट किमतीला मिळतो. वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्याला महिन्याहून थोडा जास्त प्रवास फुकट पडतो. सप्टेंबर 2022 पासून फर्स्ट क्लासचा पास खिडकीवर फरक भरून एसी लोकलच्या पासमध्ये बदलून घेण्याची सोयही झाली. उद्यानातले अपग्रेड याच जातीचे: भरलेले पैसे बुडत नाहीत, वरचे तेवढे द्यायचे. पण लोकलने माणूस रोज जातोच, त्यामुळे तो पास वसूल होण्याची काळजी नसते. उद्यानासाठी मात्र आख्खा दिवस मोकळा करावा लागतो, आणि मुंबईच्या घरात सगळ्यांचा एकच दिवस मोकळा सापडणे फार कठीण.

या पद्धतीची वाढ अमेरिकेत झाली. कॅलिफोर्नियातील डिस्नीलँड 17 जुलै 1955 रोजी उघडले, तेव्हा प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे पडत. लवकरच कुपनांची पुस्तके आली. त्यांत ‘ए’ सर्वांत स्वस्त, आणि पुढे आलेले ‘ई’ सर्वांत महाग. ही पुस्तके 1982 मध्ये बंद झाली आणि एकाच तिकिटात सगळे खेळ मिळू लागले. प्रवेश आणि खेळ एक झाल्यावर वर्षभराचा एकरकमी दर ठरवणे सोपे झाले. पास विकण्यात उद्यानाचा फायदा उघड आहे. पैसे आधी हातात येतात, आडवारी रिकामे राहणारे पाळणे भरतात, आणि पासवाला आत आला की वडापावापासून टोपीपर्यंत काही ना काही घेतोच.

पासाचे सहसा तीन-चार दर्जे असतात आणि ते मुख्यतः वर्ज्य तारखांवरून ठरतात. या तारखांना ‘ब्लॉकआउट’ म्हणतात. त्या दिवशी पास चालत नाही. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये 2021 पासून पिक्सी डस्ट, पायरेट, सॉर्सरर आणि इन्क्रेडी असे चार पास आहेत. सर्वांत स्वस्त पिक्सी डस्ट फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना मिळतो, तर मुंबईहून गेलेल्या माणसाला इन्क्रेडीच घ्यावा लागतो. नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2023 या काळात तिथे नव्या ग्राहकांना बहुतेक पास मिळतच नव्हते. टोकियोच्या डिस्ने उद्यानांनी 2020 मध्ये वार्षिक पास थांबवले. त्यामुळे परदेशी सहलीत ‘तिथे गेल्यावर अपग्रेड करू’ असे ठरवण्याआधी विक्री चालू आहे का, ते पाहून घ्यावे.

वर्ज्य तारीख नाही म्हणून प्रवेश मिळेलच, असेही नसते. डिस्नीलँडच्या ‘ड्रीम की’ पासाला एकही वर्ज्य तारीख नव्हती, पण येण्याआधी आरक्षण करावे लागे आणि पासवाल्यांसाठीची आरक्षणे संपून जात. त्यावरून अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला आणि कंपनीने 95 लाख डॉलरवर तडजोड केली. पास विकणाऱ्याने ही गोष्ट ठळक अक्षरांत सांगायलाच हवी; ग्राहकाने ती बारीक अक्षरांत शोधत बसावी, हे बरोबर नाही.

मुंबईकरांची उद्याने शहराच्या कडेला किंवा बाहेर आहेत. गोराईचे एस्सेल वर्ल्ड 1989 मध्ये सुरू झाले (ते आता बंद आहे), शेजारचे वॉटर किंगडम 1998 मध्ये. तिथे बहुतेक जण बोटीने खाडी ओलांडून जात आले. खोपोलीजवळचे इमॅजिका 2013 मध्ये उघडले आणि पुढच्या वर्षी त्याला वॉटर पार्क जोडले गेले. तिथे जायचे तर एक्सप्रेस-वेचा टोल भरावा लागतो, नाहीतर खोपोली लोकलचे वेळापत्रक सांभाळावे लागते. आपल्याकडे वर्षाचे पास पुष्कळदा ‘योजना’ म्हणून जाहीर होतात आणि मागे घेतलेही जातात. त्यामुळे गेल्या वर्षी शेजाऱ्यांना मिळालेली अट यंदा लागू असेलच असे नाही. करही धरावा लागतो: अशा उद्यानांच्या प्रवेशावरचा जीएसटी 2017 मध्ये 28 टक्के होता, तो जानेवारी 2018 मध्ये 18 टक्क्यांवर आला. तिकीट करासह आणि पास कराशिवाय अशी तुलना केली तर पास उगाच स्वस्त दिसतो.

हिशेब एका उदाहरणाने पाहू. समजा, दिवसाचे तिकीट 1,500 रुपये आणि पास 4,000 रुपये. चौघांच्या घराने सकाळी 6,000 भरले, संध्याकाळी अपग्रेडचे 10,000 भरले, एकूण 16,000. सुटी तिकिटे काढली असती तर दोन फेऱ्यांना 12,000 आणि तीन फेऱ्यांना 18,000 लागले असते. म्हणजे तिसऱ्या फेरीला पास वसूल. पण दर फेरीला पेट्रोल, टोल आणि खाण्याचे 3,000 रुपये वेगळे जातात, ते पास वाचवत नाही. केवळ पास वसूल करण्यासाठी काढलेली फेरी नवा खर्च घेऊन येते. आता वर्षातून तीन दिवस कुठले निघतात ते पाहा. मे महिन्याची सुट्टी, दिवाळी आणि नाताळ. नेमक्या याच दिवसांत स्वस्त पास चालत नाही. जून ते सप्टेंबर पावसाचे. विजा कडाडू लागल्या की उंच पाळणे थांबवतात. उरलेल्या दिवसांत शाळा, शिकवणी आणि परीक्षा. शनिवार-रविवारी न चालणारा पास नोकरदार आईवडिलांच्या फारसा कामाचा नाही. शाळेत न जाणारे नातवंड घेऊन आडवारी निघणाऱ्या आजी-आजोबांना तो छान परवडतो. फक्त पास नावावर असतो आणि दारात फोटो पाहतात, त्यामुळे या वेळी आजोबांनी आणि पुढच्या वेळी त्याच पासावर बाबांनी न्यायचे, हे चालत नाही.

अपग्रेडची मुदत बहुधा थोडी असते. काही ठिकाणी त्याच दिवशी उद्यान बंद होण्याआधी, तर काही ठिकाणी तिकिटाची मुदत संपण्याआधी ते करावे लागते. संध्याकाळी पाचनंतर खिडकीशी गर्दी होते ती यामुळे. मुलांचे केस अजून ओले, मनगटावर कागदी पट्टी, आणि आई पर्स उलटीपालटी करून सकाळची तिकिटे शोधते आहे. चारांपैकी एक खिशात राहून वॉटर पार्कमध्ये भिजले आहे, त्याचा बारकोड वाचला जात नाही, आणि मागची रांग चुळबुळते आहे. आत जाण्याआधीच चारही तिकिटांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर हा ताप वाचतो. तिकीट सवलतीत किंवा दुसऱ्या संकेतस्थळावरून घेतले असेल, तर मूळ दर धरणार की प्रत्यक्ष भरलेली रक्कम, हे विचारावे; फरक किती पडेल ते त्यावर ठरते. वर्ष कधीपासून मोजणार हेही विचारावे, कारण पुष्कळदा ते अपग्रेडच्या तारखेपासून न मोजता तिकीट पहिल्यांदा वापरल्यापासून मोजतात.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट हिशेबात क्वचितच येते. आपल्याकडच्या उद्यानांत मुलांचे तिकीट बऱ्याच ठिकाणी उंचीवर ठरते, आणि मोठ्या पाळण्यांनाही उंचीची अट असते. सात-आठ वर्षांचे मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. मे महिन्यात रोलर कोस्टरच्या पट्टीपाशी दोन बोटे कमी पडून रडत परतलेली मुलगी घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघा मारत राहते, आणि पास असला तर नाताळात त्याच पट्टीपाशी ताठ मानेने उभी राहून आत जाते. अशा घरासाठी पास खरोखर घेण्यासारखा आहे. मात्र तो मुलाच्या दराने काढला असेल, तर वर्षाच्या मध्येच उंची ओलांडल्यावर जादा पैसे मागणार का, हे काढतानाच विचारून पावतीवर लिहून घ्यावे.