नवी बॅटरी, तीच घरघर

मे महिन्यात नागपुरात गाडी सुरू झाली नाही, की दोष बॅटरीला. मीही तेच केलं. सकाळी किल्ली फिरवली, सेल्फने (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरने) दोनदा घरघर केली आणि गप्प. दुकानदार म्हणाला, "उन्हानं बसली." पटलं, कारण ऊन बॅटरीचं खरंच वाटोळं करतं. तापमान १० अंशांनी चढलं की आतल्या रासायनिक क्रिया साधारण दुपटीने वेगात होतात, पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या गंजतात. जुनी बदल्यात देऊन नवी बसवली. पंधरा दिवसांत पुन्हा तीच घरघर.

शेवटी गाडीला धक्का मारून मानेवाड्याच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली आणि रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी त्यांनी मल्टीमीटर (व्होल्ट वगैरे मोजायचा मीटर) काढला आणि आधी एका कोऱ्या सेलवर लावून पाहिला. मीटरच खोटा असला तर काय करता? २०२४च्या मे अखेरीस आपल्याच शहरात एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तेव्हा ही खोड चांगलीच.

गाडीच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. भरलेली बॅटरी रात्रभर निवांत राहिल्यावर १२.६च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. (गाडी नुकती चालवून आणली असेल तर आकडा उगीच फुगलेला दिसतो.) माझी नवीकोरी बॅटरी १२.१.

मग मला सेल्फ मारायला सांगितलं. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, त्यामुळे व्होल्टेज क्षणभर खाली येतंच. ९.६च्या खाली गेलं तर बॅटरी थकलेली समजायची. माझ्या गाडीत सेल्फ रडत होता आणि मीटर ११.१वर! मला वाटलं, बरं आहे की. काका मात्र हसले. "बॅटरीचं काही बिघडलं नाही भाऊ. करंटच जाऊन नाही राहिला. अर्थ पाहा लागते." अर्थ म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट. व्होल्टेज पडलं नाही, कारण सेल्फला हवा तेवढा करंट मिळतच नव्हता. वाटेत कुठेतरी कोंडी होती.

कसंबसं इंजिन सुरू करून एसी आणि हेडलाइट लावले. बॅटरीवर १२.८. इथे १३.८ ते १४.५ हवेत. ऐन उन्हाळ्यात चार्जिंगचं व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर मुद्दामच हात आखडता घेतो, कारण तापलेल्या बॅटरीला जास्त व्होल्टेज सोसत नाही, त्यामुळे १३.५ दिसले तरी घाबरायचं नाही. पण १२.८ म्हणजे चार्जिंग नाहीच. या टप्प्यावर बहुतेक गॅरेजमध्ये 'डायनमो गेला' असा निकाल लागतो. (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा असतो तो अल्टरनेटर, पण डायनमो हा शब्द काही जात नाही.) काकांनी मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या आउटपुट बोल्टवर टेकवली, दुसरी त्याच्याच अंगावर. १४.२.

म्हणजे वीज तयार होत होती, पोचत नव्हती. १.४ व्होल्ट वाटेत गळत होते.

कुठे, ते कळायला दोनच मापं लागली. बॅटरीच्या प्लसपासून अल्टरनेटरच्या बोल्टपर्यंत ०.१. इंजिनच्या धडापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत १.३. गाडीत परतीचा करंट लोखंडी बॉडीतूनच येतो, पण इंजिन बसलेलं असतं रबरी माउंटिंगवर. त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांना जोडायला तांब्याची विणलेली पट्टी लागते. माझ्या गाडीत त्या पट्टीच्या बोल्टखाली हिरवट-पांढरं कीट साचलं होतं. इंजिन सुरू होऊन पाचच मिनिटं झाली होती, तरी बोल्टला बोट लावताच चटका बसला. ४० अँपिअर धरले तर १.३ गुणिले ४०, म्हणजे ५२ वॉट; सोल्डरिंगच्या इस्त्रीएवढी उष्णता त्या एका बोल्टवर.

गंमत अशी, की या कीटाचा रोध जेमतेम ०.०३ ओहम. मीटर ओहमवर ठेवून शोधायला गेलात तर दिसणार नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. करंट वाहत असतानाच जोडाच्या दोन बाजूंमधले व्होल्ट मोजायचे, तरच चोर सापडतो.

चार्जिंग न होण्यामागे अल्टरनेटरचा पट्टा सैल असणं, त्यातले कार्बन झिजणं ही कारणंही नेहमीची. डायोड (अल्टरनेटरमधला एसी करंटचा डीसी करणारा भाग) उडालाय का ते बघायला इंजिन चालू असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर संशय घ्या. गाडी नुसती उभी असताना बॅटरी उतरत असेल तर गळती मोजावी लागते. ५० मिलिअँपिअरच्या आत असली तर ठीक.

एक मात्र कुणालाही करू देऊ नका: इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'डायनमो चालतो का' ते बघणं. तेव्हा व्होल्टेजचा असा झटका बसतो, की इसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, जळू शकतो. जुन्या गाड्यांमध्ये हे खपून जायचं.

काकांनी बोल्ट काढला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवी पट्टी लावली. बॅटरीवर १४.१ आले. बंद करून पुन्हा सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात सुरू.

"जुनी बॅटरी कुठं आहे?" त्यांनी विचारलं. ती मी नव्या बॅटरीच्या बदल्यात देऊन बसलो होतो.